टाके किती, हे शेवटी विचारा

घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिले दोन दिवस कुणाला काही सुचत नाही. तिसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. मावसभाऊ, शेजारी, जुन्या ऑफिसातलं कुणीतरी. आणि त्या फोनांतून एक प्रश्न हमखास येतो. "दुर्बिणीतून होईल ना? पोट उघडायला नको हो."

हा प्रश्न मायेपोटी येतो. आपल्या माणसाला कमी दुखावं, ते लवकर घरी यावं, एवढीच इच्छा असते. त्यात चूक काहीच नाही.

पण हा प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न वेगळा आहे. या अवयवाचा, एवढाच वाढलेला कॅन्सर दुर्बिणीतून काढला तर तो पोट उघडून काढल्याइतकाच नीट निघतो का?

काही कॅन्सरना याचं उत्तर 'हो' आहे. काहींना 'नाही' आहे. कुठे काय, ते समजून घेऊ.

दुर्बीण म्हणजे नेमकं काय

पोटाला तीन-चार लहान भोकं पाडतात. अर्ध्या सेंटिमीटरपासून साधारण सव्वा सेंटिमीटरपर्यंतची. एका भोकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची अवजारं. आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. सर्जन समोरच्या पडद्यावर बघून काम करतो. कापलेला भाग बाहेर काढायला बहुतेक वेळा एक भोक थोडं मोठं करावं लागतं.

रोबोट म्हणजे याच पद्धतीचा पुढचा प्रकार. नाव ऐकून यंत्र स्वतःच ऑपरेशन करतं असं वाटतं. तसं नाही. सर्जन शेजारी बसून रोबोटचे हात चालवतो. हात यंत्राचे असले तरी अक्कल सर्जनचीच असते.

ही दुर्बीण आपल्याला परकी नाही. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातलं ते असं पहिलं ऑपरेशन. पुढे ही पद्धत जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पोचली. आज बहुतेक प्रत्येक घरात खड्यांचं, अपेंडिक्सचं किंवा हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेलं कुणीतरी असतं.

म्हणूनच आपला गोंधळ होतो. "आमच्या वहिनी तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाला लागल्या," असं कुणी सांगतं. सांगणारा खोटं बोलत नाही. पण वहिनींना खडे झाले होते.

खडे काढणं वेगळं, कॅन्सर काढणं वेगळं

पित्ताशय बाहेर आलं की खड्यांचा विषय संपतो. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये तीन गोष्टी साधाव्या लागतात.

पहिली, गाठ कडेसकट निघाली पाहिजे. बटाट्याचा किडका भाग आपण थोडा चांगला भाग घेऊनच कापतो ना, तसं.

दुसरी, गाठ आत फुटता कामा नये. तिच्यातल्या पेशी पोटात सांडल्या तर तिथे रुजू शकतात.

तिसरी, गरज असेल तिथे जवळच्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती हीच ग्रंथी. अशा ग्रंथी अंगभर असतात. कॅन्सर पसरू लागला की बऱ्याचदा आधी या ग्रंथींत जातो.

या तिन्ही गोष्टी लहान भोकांतून तितक्याच नीट होत असतील तर दुर्बीण चांगलीच. दुखणं कमी होतं, रक्त कमी जातं, जखमेत पू होण्याची भीती कमी राहते, माणूस लवकर उठून बसतो. पण यातली एकही गोष्ट अर्धवट राहणार असेल, तर लहान टाक्यांचं कौतुक फार दिवस टिकत नाही.

एकाच पिशवीच्या दोन गोष्टी

गर्भाशयाला आपण घरात 'पिशवी' म्हणतो. या पिशवीचे दोन कॅन्सर नीट ओळखून ठेवा. एक आतल्या अस्तराचा, दुसरा पिशवीच्या तोंडाचा. ऐकायला सारखे वाटतात, पण दुर्बिणीच्या प्रश्नाला दोघांची उत्तरं उलटी आहेत.

आधी अस्तराचा. पाळी जाऊन वर्षं झालेली असतात आणि अचानक अंगावरून लाल जायला लागतं. बाई लगेच दाखवायला गेली तर हा कॅन्सर बहुतेकदा पहिल्या टप्प्यातच सापडतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँगमधल्या ७६० बायकांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांचं पोट उघडलं, निम्म्यांचं दुर्बिणीतून केलं. २०१७ साली निकाल आला. साडेचार वर्षांनंतर दोन्हीकडे शंभरातल्या साधारण ८१ बायका आजारापासून मुक्त होत्या. फरक नव्हता. म्हणजे इथे दुर्बीण चालते आणि बाईला त्रासही कमी होतो.

आता पिशवीच्या तोंडाचा. हा आपल्या देशातल्या बायकांमध्ये जास्त आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी एक. सगळ्यांना वाटत होतं की अस्तराला चाललं ते तोंडालाही चालेल. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६३१ बायकांवर अनेक देशांत मिळून अभ्यास झाला. निकाल २०१८ साली आला आणि डॉक्टरही चकित झाले.

साडेचार वर्षांनंतर, पोट उघडून ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या ९६ ते ९७ बायका आजारमुक्त होत्या. दुर्बिणीतून किंवा रोबोटने झालेल्यांत हा आकडा ८६ होता. शंभरात दहा बायकांचा फरक. मृत्यूही दुर्बिणीच्या बाजूलाच जास्त झाले.

असं का झालं, यावर अजून चर्चा आहे. पिशवी हलवायला आतून घातलेल्या अवजाराने गाठ दुखावली गेली असेल, असं काहींचं म्हणणं आहे. पोटात भरलेल्या गॅसवरही काहींचा संशय आहे. कारण काहीही असो, त्यानंतर जगभरच्या तज्ज्ञांनी या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनसाठी पोट उघडणं हीच रीत धरली.

म्हणून डॉक्टर "इथे टाका मोठाच घ्यावा लागेल" म्हणाले तर त्यांना जुन्या वळणाचे समजू नका. ते कदाचित सगळ्यात नवं ज्ञान वापरत असतील.

आणि तुमच्या घरातल्या बाईचं हे ऑपरेशन आधीच दुर्बिणीतून झालं असेल तर घाबरू नका. त्या अभ्यासातही शंभरातल्या ८६ जणी ठीक होत्या. फक्त तपासणीच्या तारखा चुकवू नका.

बाकीच्या अवयवांचं थोडक्यात

*मोठं आतडं.* अमेरिका आणि कॅनडातल्या ८७२ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल २००४ साली आला. दोन्ही पद्धतींत आजार परत येण्याचं प्रमाण जवळपास सारखं होतं. म्हणून आतड्याच्या सुरुवातीच्या कॅन्सरला हात बसलेल्या सर्जनकडून दुर्बीण चालते.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दुर्बिणीने सुरुवात केलेल्या दर पाच रुग्णांपैकी एकाचं पोट मध्येच उघडावं लागलं. हे अपयश नव्हे. दिसत नसेल, रक्त थांबत नसेल, तर पोट उघडणाराच सर्जन शहाणा.

*स्तन.* पूर्वी गाठ लहान असली तरी सगळा स्तन काढायचे. इटलीत आणि अमेरिकेत बायकांवर २० वर्षं लक्ष ठेवून केलेले दोन अभ्यास २००२ साली छापून आले. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या, दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या. गाठ तिथेच परत येण्याची शक्यता थोडी जास्त राहिली, पण आयुष्य कमी झालं नाही.

इथे एक अट आहे. लहान ऑपरेशननंतर रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, तो बहुतेकींना घ्यावा लागतो. त्यासाठी काही आठवडे रोज दवाखान्यात जावं लागतं. तुमचं गाव केंद्रापासून दूर असेल तर राहण्याची सोय आधी बघा. शेक अर्ध्यात सोडायची वेळ येणार असेल, तर ही अडचण ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

*तोंड.* तंबाखू-मिश्रीमुळे हा आजार आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. जिभेवरची किंवा गालातली लहान गाठ तोंडातूनच काढता येते. मग माणूस म्हणतो, "मानेला कशाला हात लावता? मानेत तर काही लागत नाही."

याचं उत्तर मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१५ साली दिलं. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या ग्रंथीही काढलेले शंभरातले ८० रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. ग्रंथी सुजल्यावर बघू म्हणून थांबलेल्यांत हा आकडा ६७ ते ६८ होता. मानेवरचा व्रण टाळण्याची किंमत एवढी मोठी होती. म्हणून डॉक्टरांनी मानेचं ऑपरेशन सुचवलं तर व्रणाकडे बघून नाही म्हणू नका.

*अंडाशय.* सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली तर ती सुई घालून रिकामी करू देऊ नका. पहिल्या टप्प्यातली कॅन्सरची गाठ काढताना फुटली तर आजाराचा टप्पाच वरचा धरला जातो. मग एरवी कदाचित लागली नसती ती केमोथेरपी मागे लागते. गाठ मोठी असेल तर ती अखंड निघावी म्हणून पोट उघडलेलं बरं.

*किडनी.* गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर पुष्कळदा फक्त गाठ काढून बाकीची किडनी वाचवता येते. दुर्बीण किंवा रोबोट इथे कामाला येतो. डॉक्टर सगळी किडनी काढायची म्हणत असतील तर अर्धी वाचेल का, हे जरूर विचारा.

'हो' म्हणण्याआधी हे करा

एक. तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी, कुठे आणि कधी करायची हे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. काही गाठींना आधी हात लावत नाहीत. पण "छोटीशी आहे, इथेच काढून टाकतो" असं कुणी म्हणालं तर थांबा. कॅन्सर अर्धवट कापला की पुढचं नीट ऑपरेशनही अवघड होऊन बसतं.

दोन. टप्पा ठरवणाऱ्या तपासण्या पूर्ण होऊ द्या. सीटी, एमआरआय, जे सांगतील ते. हे सगळं 'सुरुवातीचा टप्पा आहे' या एका वाक्यावर चाललंय. ते वाक्य आधी खरं ठरलं पाहिजे.

तीन. सगळे कागद एका फायलीत, तारखेप्रमाणे लावा. स्कॅनच्या सीडी त्यातच ठेवा. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये असतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना ते मागून घ्या. पुष्कळदा पुन्हा सुई खायची वेळ टळते.

चार. दुसरं मत घ्या. त्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. देशातली ३०० हून अधिक रुग्णालयं आणि संस्था नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्यात आहेत. तुमच्या जवळचं केंद्र कोणतं, ते चौकशी करून शोधा.

पाच. उशीर मात्र करू नका. सुरुवातीच्या टप्प्यात दुसऱ्या मतासाठी आठ-दहा दिवस गेले तर साधारणपणे बिघडत नाही. झाडपाला आणि अंगारे-धुपारे यांत तीन-चार महिने गेले तर बिघडतं. तेवढ्यात पहिला टप्पा पहिला राहत नाही.

डॉक्टरांना हे विचारा

एका कागदावर प्रश्न लिहून न्या. समोर गेल्यावर आठवत नाही, आणि बाहेर आल्यावर सगळं आठवतं. सोबत शांत डोक्याचं एक माणूस न्या. त्याने फक्त ऐकायचं आणि लिहून घ्यायचं.

१. कॅन्सर कोणत्या अवयवाचा आणि कोणत्या टप्प्यातला?

२. या टप्प्याला दुर्बीण आणि पोट उघडणं, दोन्हींत आजार परत येण्याची शक्यता सारखी आहे का?

३. तुम्ही स्वतः हे ऑपरेशन या पद्धतीने किती वेळा केलंय? वर्षाला साधारण किती करता?

४. गाठ अखंड काढणार ना? बाहेर काढताना थैलीत घालून काढणार ना?

५. ग्रंथी काढणार का? किती, आणि का?

६. मध्येच पोट उघडावं लागलं तर तुमची तयारी आहे ना? त्याचा खर्च किती वाढेल?

७. नंतर शेक किंवा केमो लागेल का?

आणि सगळ्यात शेवटी,

८. टाके किती?

तिसरा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. चांगल्या सर्जनला राग येत नाही. शांतपणे, अहो-जाहो करत विचारा. घर बांधताना गवंड्याला आधीची घरं विचारतोच ना आपण? इथे तर आपलं माणूस आहे.

चौथ्या प्रश्नामागेही कारण आहे. पूर्वी पिशवीतल्या साध्या समजल्या जाणाऱ्या गाठी आतच यंत्राने बारीक करून लहान भोकातून काढत. त्यात एखादी गाठ कॅन्सरची निघाली तर तिचे कण पोटभर पसरत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली याबद्दल इशारा दिला. म्हणून संशय असलेली गाठ आत फोडायची नाही. थैलीत बंद करूनच बाहेर आणायची.

पैशाचं आधी बोला

दुर्बिणीला, त्याहून रोबोटला, खर्च जास्त येतो. अवजारं महाग असतात, काही एकदाच वापरून टाकावी लागतात. अंदाजपत्रक लेखी मागा. त्यात रोबोटचा खर्च वेगळा धरलाय का ते बघा.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. तुमच्या ऑपरेशनला पॅकेज आहे का, दुर्बीण त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी विचारा. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर त्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डाचं बघा. गोव्यात राहत असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.

खासगी विमा असेल तर पॉलिसी काढून नीट वाचा. काही पॉलिसींमध्ये रोबोटच्या ऑपरेशनला वेगळी मर्यादा असते. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहावं आणि बिलाच्या वेळी निम्मीच रक्कम मंजूर व्हावी, असं होऊ देऊ नका.

आणि एक मनापासून सांगतो. रोबोट परवडत नाही म्हणून आपण माणसाला कमी उपचार देतोय, असं मनात आणू नका. रोबोट ही सोय आहे. हात बसलेल्या सर्जनने पोट उघडून नीट केलेलं ऑपरेशन कमी प्रतीचं नसतं. रोबोटसाठी जमीन गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

तंबाखू, मिश्री, विडी, सिगारेट आजपासून बंद. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे, आज. जखम भरायला आणि फुप्फुसाला त्याने मदत होते.

चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. काढे, चूर्ण, गुडघ्याच्या गोळ्याही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणून घ्या.

तीन गोळ्या वर उचलायचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर घरी बसून सराव करा. रोज चाला. भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा दमा, घोरणं, हलणारे दात, आधी कधी भूल दिल्यावर झालेला त्रास, काही लपवू नका.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरी काढून ठेवा. निघत नसतील तर आधीच कापून घ्या. नखांना रंग आणि मेंदी नको, कारण बोटाला लावलेल्या चिमट्यातून ऑक्सिजन मोजायचा असतो.

घरी आल्यावर

इथे एक धोका आहे, आणि तो लवकर घरी येण्यातूनच येतो.

पोट उघडलेला माणूस पाचव्या दिवशी बहुधा दवाखान्यातच असतो. काही बिघडलं तर नर्स बघते. दुर्बिणीचा माणूस तेवढ्यात घरी येऊन सोफ्यावर बसलेला असतो. मग ती नर्सची नजर तुम्हाला ठेवावी लागते.

आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर आत एक सांधा असतो. तो गळला तर बहुतेकदा पहिल्या आठ-दहा दिवसांत कळतं. म्हणून ही लक्षणं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. ताप. वाढत जाणारी पोटदुखी. फुगलेलं पोट. थांबत नसलेल्या उलट्या. जखमेतून पू किंवा रक्त. लघवी अडणं. पोटरी सुजून दुखणं. धाप लागणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. दवाखान्याचा रात्रीचा नंबर घरी येण्याआधीच घेऊन ठेवा.

दुर्बिणीनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटातल्या उरलेल्या गॅसमुळे हे होतं. चालल्याने बरं वाटतं. पण छातीत दुखत असेल किंवा श्वास पुरत नसेल तर तो गॅस समजून घरी बसू नका.

गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत टोचायची इंजेक्शनं दिली असतील तर ठरलेले दिवस पूर्ण घ्या. काही वेळा ती चार आठवडे चालतात. बरं वाटतंय म्हणून सोडू नका.

बाहेर चार लहान टाके दिसतात. आत मात्र तेवढंच मोठं ऑपरेशन झालेलं असतं. घरात त्याचा विसर पडतो. पाहुणे म्हणतात, "काहीच झालं नाही असं वाटतंय." मग बाई उठून पाण्याचा हंडा उचलते. पुरुष गोठ्यात जाऊन वैरण टाकतो. आजी नातवाला कडेवर घेते.

हंडा, सिलेंडर, पोतं, नातवंडं, यांतलं काही उचलायचं नाही. किती आठवडे, ते डॉक्टरांकडून नेमकं लिहून घ्या. दुचाकी कधी चालवायची, तेही विचारा. पेरणी-कापणीचे दिवस असतील तर मजूर आधीच सांगून ठेवा. घरातल्या बाईचं ऑपरेशन असेल तर पोळ्या कोण करणार, हे ती दवाखान्यात जाण्याआधी ठरवा. नाहीतर ती चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभी असेल.

कागद हाती आला की

काढलेला भाग तपासणीला गेलाच पाहिजे. साधं पित्ताशय काढलं तरी तो भाग पॅथॉलॉजीत पाठवायला सांगा. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात क्वचित सुरुवातीचा कॅन्सर सापडतो. तपासणीच झाली नाही तर तो कळणार कसा?

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हा रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशन पूर्ण झालं असं समजू नका. रिपोर्ट आला की दोन गोष्टी विचारा. कडा स्वच्छ आहेत का? ग्रंथी किती तपासल्या आणि किती बाधित निघाल्या? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला निदान १२ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात अशी रीत आहे. ऑपरेशन आतून कसं झालं, ते तुम्हाला या कागदावरून कळतं.

पुढच्या तपासण्यांच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहा. लग्नकार्य, जत्रा, परीक्षा यांच्यामुळे त्या पुढे ढकलू नका.

आणि हे बाकीच्या घरासाठी

लहान ऑपरेशनची निवड मुळात कुणाला मिळते? ज्याचा आजार लवकर सापडला त्याला. मोठ्या झालेल्या गाठीपुढे दुर्बीण, रोबोट कुणाचंच फार चालत नाही.

म्हणून पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेलं, एकदाच आणि थेंबभर गेलं, तरी दाखवा. शौचातून रक्त पडलं तर मूळव्याध म्हणून मलम लावत बसू नका. तोंडातला चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर दाखवा. छातीत गाठ लागली आणि दुखत नसली, तरी दाखवा. दुखत नाही म्हणूनच आपण थांबतो, आणि तिथेच चुकतो.

पिशवीच्या तोंडाची तपासणी तर कॅन्सर होण्याआधीचा बदलही दाखवते. तो बदल वेळीच सापडला तर बहुतेकदा छोट्या उपचाराने भागतं, पिशवी काढावी लागत नाही. घरातल्या तिशी ओलांडलेल्या बायकांना घेऊन एक दिवस त्यासाठी काढा. सासू, सून, जावा, सगळ्या मिळून गेल्या तर लाजही कमी वाटते.

तर आज एवढं करा. एक कागद घ्या. वर दिलेले आठ प्रश्न त्याच क्रमाने उतरवून घ्या आणि घरातल्या औषधांच्या डब्यात ठेवा. देव करो आणि तो कागद कधीच बाहेर काढावा न लागो. पण काढावा लागला, तर फोनवर जो जे सांगेल ते ऐकून घ्या, आभार माना आणि पहिल्या ओळीपासून विचारायला लागा. टाक्यांची ओळ शेवटची आहे. तिथवर पोचेपर्यंत तिचं उत्तर बहुधा तुम्हालाच कळलेलं असेल.